मालवणला पहिल्यांदा जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

मालवणहून परत आलेल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. सिंधुदुर्ग किल्ला धड बघून झाला नाही, स्कूबाला पाणी गढूळ होतं आणि त्सुनामी आयलंडवर गेलो तर तिथे बेटच नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या असतात. सहल घड्याळ लावून आखलेली असते आणि मालवणचा दिवस चालतो पाण्यावर. म्हणून हॉटेलं, पॅकेजं, रील्स यांच्या आधी दोन गोष्टी ठरवा: महिना आणि तिथी.

महिना कोणता

पाण्यातले खेळ करायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाचा गाळ तोवर खाली बसलेला असतो, वारा कमी असतो, पाण्याखाली लांबचं दिसतं. मार्चपासून घामाच्या धारा सुरू होतात, पण एप्रिल-मेमध्ये आंबे, फणस, काजू, जांभळं असं सगळं एकदम हाताशी येतं. खाण्यासाठीच जाणाऱ्याने उन्हाळा निवडला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र मेच्या उत्तरार्धात समुद्र फिरायला लागतो. मे २०२२ मध्ये मालवणशेजारच्या तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी दोन्ही बंद असतात. जून-जुलैत तर मासेमारीही बंद, त्यामुळे त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली तर ती बर्फातली आहे असं समजून चाला.

पावसाळ्यात जाऊच नये असं मात्र नाही. हिरवंगार कोकण बघायला, शेवळाच्या भाजीला, आंबोली घाटाला तो काळ उत्तम. फक्त समुद्र लांबून बघायचा.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा शक्य असेल तर टाळा. तारकर्लीच्या पुढच्या देवबागचा अरुंद रस्ता त्या दिवसांत गाड्यांनी तुंबतो आणि होडीवाल्यांकडे तुमच्याशी बोलायलाही वेळ नसतो.

पोहोचायचं कसं

मालवणला रेल्वे नाही. जवळचं सोयीचं स्टेशन कुडाळ, साधारण तीस किलोमीटरवर. सिंधुदुर्गनगरीही जवळपास तेवढंच आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी. मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी कुडाळला सोडते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या तारखांना बघता बघता संपतं, तेव्हा तारखा ठरल्या की त्याच दिवशी तिकीट काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, हेही लक्षात असू द्या.

कुडाळहून मालवणला एसटी आहे, रिक्षा आहेत. सामान कमी असेल तर एसटीनेच जा. पुण्या-कोल्हापूरकडून गाडीने येणारे गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने उतरतात, बेळगावकर आंबोलीने. घाट रात्री उतरू नका, धुकं असेल तर अजिबातच नको. विमानाने यायचं तर गोव्यातलं मोपा सोयीचं. परुळ्याजवळ चिपीलाही विमानतळ आहे, पण तिथली उड्डाणं त्या त्या वेळी बघूनच बेत करा.

मुक्काम मालवण शहरात की तारकर्ली-देवबागला, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझं उत्तर सरळ आहे. लहान मुलं असतील आणि समुद्र दारात हवा असेल तर तारकर्ली. बाजार, खानावळी, बंदर आणि किल्ला पायी गाठायचा असेल तर शहर. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. राहायला सुंदर, पण रात्री नऊनंतर काही लागलं तर मिळणं कठीण. घरगुती निवास-न्याहारीची सोय सगळीकडे आहे आणि ती हॉटेलपेक्षा केव्हाही बरी. फोनवर तीन गोष्टी विचारा: जेवण घरचं की बाहेरून, गाडी लावायला जागा आहे का, आणि वीज गेली तर पंखा चालतो का.

भरतीचं गणित

आता मुद्द्याचं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि दर दिवशी ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरतीची ढोबळ वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. म्हणजे तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार, म्हणजे तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास पुढेमागे पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. मालवणात भरती त्याच्या थोडी आधीच येते, तेव्हा उत्तरातून पाऊण-एक तास वजा करा. नक्की वेळ मोबाइलवर मिळतेच, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दोन महिने आधी सहल आखायला एवढं पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरती खूप वर चढते, ओहोटी खूप आत जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतर कमी. त्याचा अर्थ असा की स्कूबा-स्नॉर्कलिंगसाठी भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याची ओढ कमी आणि गाळ कमी ढवळलेला. खडकांतून फिरायचं, ओहोटीत चालत सिंधुदुर्गाशेजारचा छोटा पद्मगड गाठायचा, तर उधाणाचे दिवस बरे, कारण त्या दिवसांत पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते आणि पाणी चांगलं लांब जातं. दोन्ही हवं असेल तर दशमी-एकादशीच्या आसपास पोहोचा आणि पहिल्या दोन दिवसांत पाण्याखालचं उरकून घ्या.

देवबागच्या संगमाजवळचं त्सुनामी आयलंड हा कर्लीच्या मुखातला वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला म्हणून ते नाव, असं इथले लोक सांगतात. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि मग तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ‘बेट’ बघता. ओहोटीची, म्हणजे इथल्या भाषेत सुकतीची, वेळ धरूनच होडी ठरवा. होडीवाल्याला मोघम ‘किती वाजता येऊ?’ विचारलंत तर तो त्याच्या सोयीची वेळ सांगेल. ‘सुकती किती वाजता?’ असं विचारलंत तर खरी वेळ कळेल, आणि पाहुण्याला थोडं कळतंय हेही त्याला कळेल.

पहिला दिवस: किल्ला

सकाळी पोहोचलात तर आंघोळ, घावणे-चटणी आणि थेट बंदर जेटी. सिंधुदुर्गला सकाळी लवकर जावं. अकरानंतर तटावर सावली शोधावी लागते आणि वाराही वाढलेला असतो. होडीचं तिकीट जेटीवरच मिळतं, पोहोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासाभराचा वेळ देतात आणि आणलं त्याच होडीने परत नेतात. तासाभरात किल्ला होत नाही. जाण्याआधीच ‘दादा, आम्हाला दोन तास लागतील, मागच्या होडीने आलो तर चालेल ना?’ असं विचारून ठेवा. गर्दी नसेल तर बहुतेक वेळा चालतं.

कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरुवात केली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं. पाया भक्कम व्हावा म्हणून शिसं ओतल्याचं सांगितलं जातं. क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर, तट सुमारे तीन किलोमीटर. आकडे मोठे आहेत, पण बघण्यासारखी गोष्ट आहे ती दरवाज्याची. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही. दोन बुरुज एकमेकांवर असे चढवलेत की वाट त्यांच्या मधून वळून आत शिरते. समुद्रावरून मारलेला तोफगोळा दाराला सरळ लागूच नये, ही त्यामागची युक्ती. होडीतून उतरल्यावर लगेच आत घुसू नका. क्षणभर मागे वळून हे वळण बघा.

आत डाव्या-उजव्या हाताला गाइड भेटतील. एक जरूर घ्या, पण त्याच्याबरोबर धावू नका. शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. शिवाजी महाराजांचं मंदिर आणि तेही त्यांच्याच किल्ल्यात, असं दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हातापायांचे ठसेही इथेच आहेत. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, म्हणूनच इथे किल्ला बांधता आला. किल्ल्यात अजून माणसं राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना फोटो काढायचा असेल तर विचारा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हा आहे, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गही आहेत. त्यामुळे गर्दी आणखी वाढणार. पाण्याची बाटली घरून भरून न्या आणि ती परतही आणा.

संध्याकाळी मोरयाचा धोंडा बघा. समुद्रकाठच्या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याचं भूमिपूजन इथे झालं, असं मालवण मानतं. मोठ्या बोर्डाखाली शोधायला जाल तर चुकाल. वायरीच्या रस्त्याला कुणाही मावशींना विचारा. रॉक गार्डनला सूर्यास्ताची गर्दी असते. बघायला हरकत नाही, पण त्याच वेळी बंदरावर मासळीचा लिलाव चालू असेल तर मी रॉक गार्डन सोडून देईन.

लिलाव म्हणजे काय ते जवळून बघा. होडी लागते, टोपल्या उतरतात, बायकांचा गराडा पडतो. कुणी बोंबलत नाही. एखादी मान हलवते, दुसरी पदर सावरत बोट दाखवते, की माल सुटला. नवख्याने मध्ये भाव करायचा नाही. ढीग विकला गेल्यावर त्याच मावशीकडून दोन-चार बांगडे घ्यायचे आणि मुक्कामाच्या घरी ‘वहिनी, हे तळून द्याल का?’ म्हणायचं. डोळा चकचकीत, गलफडं लाल, बोटाने दाबलं की मांस लगेच वर येतं, एवढी परीक्षा पुरे. सुरमईला इथे इसवण म्हणतात, तेव्हा नाव ऐकून बुजू नका.

पाण्यात उतरताना

स्कूबा सकाळी, पहिल्या-दुसऱ्या होडीने. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा येतात, आणि होडीतच पोट ढवळायला लागतं. पोहता आलं नाही तरी चालतं, कारण प्रशिक्षक सगळा वेळ तुमच्या पाठीमागची टाकी धरून असतो. खोलीही फार नसते. पण सर्दी, दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर उतरू नका. आदल्या रात्री प्यायला असाल तरीही नको. तिथे एका फॉर्मवर सही घेतात, वाचून करा.

उथळ पाण्यात आधी सराव करून घ्यायला लावा. घाईत थेट खाली नेणाऱ्याला नाही म्हणा. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा, संथ, लांब. मास्कमुळे नाक बंद असतं आणि नवख्याचा सगळा गोंधळ तिथेच उडतो. दोन मीटर खाली गेलं की कान दुखायला लागतात. मास्कवरूनच नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची, कानात ‘टक्’ झालं की पुढे. दुखणं सहन करत खाली जायचं नाही, थोडं वर यायचं. हाताच्या खुणा पाठ करा: अंगठा आणि तर्जनी जोडून गोल म्हणजे ‘ठीक’, पंजा आडवा हलवला म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’, आणि अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. मस्त वाटलं म्हणून अंगठा दाखवलात तर तो तुम्हाला वर घेऊन येईल.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचं. तळाशी दिसतात ती प्रवाळं जिवंत असतात आणि फार सावकाश वाढतात. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. काही जण व्हिडिओत मासे जास्त दिसावेत म्हणून पाव टाकतात. तुमच्यासाठी नको, असं स्पष्ट सांगा.

बाकीचे खेळ म्हणजे बनाना राइड, बंपर, जेट स्की, पॅरासेलिंग. यांचं पाच-सहा खेळांचं पॅकेज गळ्यात मारलं जातं. खरं सांगायचं तर बनाना आणि बंपर एकच मजा आहे, दोन्ही घ्यायची गरज नाही. पॅरासेलिंग करा, पण वाऱ्याचा दिवस असेल तर सोडून द्या, पैसे भरले असले तरी. ठरवण्याआधी विचारा: मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, विमा आहे का, किती मिनिटं, व्हिडिओचे पैसे त्यातच का. आणि लाइफ जॅकेट अंगावर बसत नसेल, पट्टा तुटका असेल, तर बदलून मागा. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ते काढायचं नाही.

किनाऱ्यावर नुसतं डुंबायचं असेल तर शहरातला चिवला त्यातल्या त्यात शांत. तारकर्ली दिसायला निवांत, पण पायाखालची वाळू अचानक खोल जाते. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. देवबागच्या संगमापाशी तर अजिबात उतरू नका. सुकतीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. कुठेही पाण्याने आत खेचलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. ओढ अरुंद असते, तिच्यातून सुटलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करा. गावातला माणूस ‘हय उतरू नकात’ म्हणाला की वाद घालू नका. तातडीला ११२.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपा. चेष्टा नाही, मालवणचा बाजारही एक ते चार झोपतो.

ताट

खानावळीत बसल्यावर मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि ‘आज काय आलंय?’ विचारा. पापलेट-सुरमई सगळे मागतात आणि दरही त्यांचाच चढा. बांगडा, पेडवे, सौंदाळे, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) खाऊन बघा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं हे मालवणी स्वयंपाकाचं खरं काम आहे. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं. शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात ही अफवा आहे. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, फणसाची भाजी, आंबोळ्या, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या मागा. शिरवाळ्या आदल्या दिवशी सांगाव्या लागतात. सोलकढी गुलाबी रंगावरून नका पारखू, रंग टाकूनही येतो. कोकमाची आंबट आणि नारळाच्या दुधाची गोडसर चव वेगवेगळी लागली पाहिजे. रात्री नऊच्या आत जेवायला बसा.

जमिनीवरचं

तिसरा दिवस समुद्राला पाठ करून घालवा. कुडाळच्या रस्त्याला धामापूरचा तलाव आहे. विजयनगरच्या काळात, १५३० मध्ये, नागेश देसाई यांनी तो बांधला आणि आजही त्याचं पाणी वापरात आहे. काठावरच भगवती देवीचं देऊळ. जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत २०२० साली त्याचं नाव आलं. तिथे आरडाओरडा करू नका, एवढीच अपेक्षा. पुढे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा बघायला मिळते. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्राची पोथी उलगडत गोष्ट सांगितली जाते तेव्हा मुलं मोबाइल खाली ठेवतात, हे मी पाहिलं आहे.

दिवाळीनंतर गेलात तर गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात आणि जत्रा म्हटली की दशावतार. रात्री उशिरा पडदा, पेट्रोमॅक्सची जागा आता विजेच्या दिव्यांनी घेतली आहे, पण संवाद अजूनही पाठांतराचे नाहीत; नट उभ्या उभ्या रचतात. पहाटेपर्यंत थांबायची तयारी ठेवा आणि बसायला एक चटई न्या. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर झाली की त्या दिवसांचं कोकणचं रेल्वे तिकीट विसरायचं.

निघायच्या दिवशी बाजारातून खाजा घ्या, गूळ-आल्याचा, त्याच दिवशी केलेला. दातांना त्रास असेल तर मालवणी मसाला आणि कोकमं घ्या. सोमवार असेल तर आठवडा बाजार भरलेला असतो. विमानाने परतणार असाल तर स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका, मध्ये किमान अठरा तास जाऊ द्या. मासे न्यायचे असतील तर साफ करून, धुऊन, थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणि मीठ घालून बांधून देतात. पेटीला चिकटपट्टी दोनदा मारून घ्या आणि गाडीत ती सीटखाली सरळ ठेवा, नाहीतर पनवेल येईपर्यंत अख्खा डबा तुमच्याकडे बघत असेल.